हवालदारणीचे वाटाणे

दुपारी वखारीतल्या करवती थांबल्या की सगळ्या रस्त्याला कान बधिर झाल्यासारखं व्हायचं, आणि त्या बधिरपणात पहिला आवाज यायचा तो हवालदारणीच्या पळीचा. ती पातेल्याच्या काठावर पळी आपटायची. म्हणजे वाटाणे झाले. मग डोक्यावरचा भुसा झटकत माणसं रस्ता ओलांडून यायची, नळावर हात धुवायची आणि बाकांवर खेटून बसायची. वाढताना ती एक हात कमरेवर ठेवून, पळी दंडुक्यासारखी धरून उभी राहायची. कुणी ताटात पाव टाकला तर, "घरी बायकोसमोर टाकतोस का असा?" कुणी मीठ मागितलं तर, "माझ्या वाटाण्यांत मीठ कमी? जीभ दाखव बघू." वखारीच्या मुकादमाने त्यावरूनच तिचं नाव हवालदारीण पाडलं. समोर सगळे मावशी म्हणायचे, पाठीमागे हवालदारीण. तिच्या कानावर ते आलं तेव्हा ती रागावली नाही. उलट मनातून सुखावली.

हा मान तिला कुणी आयता आणून दिला नव्हता. लग्न होऊन ती त्या दोन खोल्यांच्या घरात आली तेव्हा नवरा करवतीवर होता. मुलगा रांगायला लागला त्या सुमारास नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं करवतीखाली गेली. वखारवाल्याने सुरुवातीला विचारपूस केली, मग तो रस्त्यात दिसला की मान वळवायला लागला. नवरा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. एक दिवस तिने फळीवरचं सगळ्यांत मोठं पातेलं खाली काढलं, पुढच्या खोलीचं दार रस्त्याकडे सताड उघडलं आणि वाटाणे शिजायला घातले.

वाटाणेच का, तर ते दाराशी पिकत होते. वखारींच्या मागे ओढा होता आणि ओढ्यापलीकडे शेतं. तिथल्या बायका वाटाण्याचे वेल सुकवून झोडपायच्या, उफणायच्या आणि पोती भरून गावात आणायच्या. वाटाणे, मसूर, हरभरे, कधी लाल घेवडा. आणि जळण म्हणून वखारीतला भुसा हवा तेवढा. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालच्या भोकातून काडी लावायची. ती शेगडी कधी भडकत नाही, कधी विझतही नाही, नुसती धुमसत राहते. कडधान्याला असाच विस्तव लागतो. मोठ्या आचेवर वाटाणा वरून फुटतो आणि आत कच्चा राहतो, हे ती चुका करत शिकली. टोमॅटो आधी घातला तर दाणा अडून बसतो, तो शेवटीच घालायचा, हेही तसंच. ओढ्याकाठचे वाटाणे गुणी, लवकर मऊ पडायचे. माळावरचे हट्टी. "त्यांना आदल्या दिवशी गरम पाण्यात बसवून समजूत काढावी लागते," असं ती म्हणायची.

पण तिची खरी ताकद तिच्या नाकात होती. झाकण जरा सरकवून ती वाफेत तोंड धरायची आणि चव न घेताच सांगायची, मीठ हवं, लसूण कच्चा आहे, अजून थोडा वेळ. ते कधी चुकलं नाही. नवरा गेला, मुलगा मोठा झाला, वखारीचा टेंपो चालवायला लागला, बाकांवर बसणाऱ्यांचे केस पांढरे झाले, तरी ते नाक तसंच राहिलं.

मग सून आली.

सून तशी कामसू, कमी बोलणारी, आणि तिला स्वयंपाकाची मनापासून हौस. तिच्या माहेरी आईच्या हाताखाली ती सगळं शिकून आली होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी हवालदारीण पोती बघायला ओढ्यापलीकडे गेली आणि तिला यायला उशीर झाला. करवती थांबायची वेळ झाली. सुनेने वाट पाहिली, आणि मग आपल्या आईच्या पद्धतीने वाटाण्यांना फोडणी दिली. भाजलेलं जिरं कुटून घातलं, लसूण ठेचून वरून सोडला. हवालदारीण परत आली तेव्हा माणसं जेवत होती. मुकादम बोटं चाटत म्हणाला, "मावशी, आज काहीतरी निराळंच आहे हं. छान लागतंय."

त्या 'छान'ने घात केला. हवालदारणीने पातेल्यात पळी बुडवली, चाखली, आणि सगळ्यांच्या देखत थुंकली. "आळणी!" ती म्हणाली. "हे काय माणसांनी खायचं?" दोन्ही हातांनी पातेलं उचलून तिने ते दारापुढच्या गटारात ओतलं. हिरवट रस्सा वाहत वखारीच्या फाटकापर्यंत गेला. माणसं हातातले पाव धरून बघत राहिली. सून दाराआड उभी होती.

"माझ्या पातेल्यात पुन्हा नाक खुपसायचं नाही," हवालदारीण म्हणाली. "निवडायचं, धुवायचं, भिजत घालायचं, भांडी घासायची. बास."

त्या दिवसापासून सुनेचं नाव आळणी पडलं. "आळणे, पाणी आण गं." "आळणीला सांग पाव कापायला." गिऱ्हाइकंही म्हणायला लागली, मजेत. एकदा तर मुलगाही म्हणून गेला आणि मग ओशाळून हसला. सुनेने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. खोलीत गेल्यावर ती त्याला काय बोलली हे हवालदारणीला पातळ भिंतीतून ऐकू आलं नाही, पण मुलाचं उत्तर ऐकू आलं. "आईचं असंच आहे. मनावर घेऊ नकोस."

मीठ त्या दिवशी अगदी बरोबर होतं. हे हवालदारणीच्या जिभेला तेव्हाच कळलं होतं. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

वर्षं अशीच गेली. नात झाली, दुडुदुडू चालायला लागली, बाकांच्या मधून फिरायला लागली. सून सुपात वाटाणे निवडत बसायची, खडे बाजूला, किडके बाजूला. हाताला इतका सराव की नजर रस्त्यावर असली तरी बोटं चुकायची नाहीत. फोडणीच्या वेळी मात्र तिला मागच्या अंगणात पाठवलं जायचं.

एका थंडीच्या शेवटी वखारींत तापाची साथ आली. हवालदारणीनेही अंथरूण धरलं. सून म्हणाली, "आई, तोवर मी बघते पुढचं." हवालदारीण तापाने फणफणत म्हणाली, "दार बंद राहू दे." दार बंद राहिलं. माणसं येऊन परत गेली.

ताप उतरला, अंगात त्राण आलं तशी ती उठली आणि पहिलं काम म्हणून पातेलं चढवलं. वाटाणे शिजले. तिने झाकण सरकवून वाफेत तोंड धरलं. वाफ गरम होती, ओली होती. बाकी काही नव्हतं. तिने नाक शिंकरलं, पुन्हा वाकली. काही नाही. लसणाची पाकळी चावली. तोंडात काहीतरी कडक फुटलं आणि जिभेला नुसती चुणचुण झाली. कांदा खाल्ला, तो पाण्यासारखा. मीठ जिभेवर ठेवलं, वाळू. तिने भिंतीला हात टेकला आणि शेगडीकडे बघत राहिली. बाहेर माणसं नळावर हात धुवायला लागली होती.

त्या दिवशी तिने अंदाजाने मीठ घातलं आणि वाढताना प्रत्येकाचं तोंड निरखत राहिली. कुणी काही बोललं नाही. ती जरा सावरली.

डॉक्टरकडे ती एकटीच गेली, घरी सांगितलं की गुडघा दुखतोय. डॉक्टर म्हणाला, "तापानंतर होतं असं. येईल हळूहळू." मग तिच्या वयाकडे बघून त्याने जोडून दिलं, "नाहीतर नाहीही यायचं. काळजी करू नका, त्याने जिवाला धोका नसतो." ती बाहेर पडली आणि रस्त्यात उभी राहून स्वतःशीच म्हणाली, "याला कोण सांगणार."

मग तिने आपली सगळी हुशारी लपवण्यात घातली. मीठ तळहातावर घेऊन मोजून घालायची. फोडणीचा आवाज ऐकायची, लसणाचा रंग बघायची. दाणा दोन बोटांत चिरडून बघायची. पहिल्या पंगतीला पहिला घास मुकादमाला वाढायची आणि त्याच्या भुवया बघायची. एकदा तो म्हणाला, "आज मिठाचा हात सढळ झालाय का, मावशी?"

"तू घरी भांडून आलायस," ती म्हणाली. "तोंडच खारट झालंय तुझं."

सगळे हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवशी तिने मीठ दोनदा मोजलं.

सुनेला कळायला वेळ लागला नाही. एका सकाळी नातीसाठी शेगडीवर दूध ठेवलं होतं आणि हवालदारीण शेजारीच बसून लसूण सोलत होती. दूध आटलं, तळाला लागलं, करपलं. अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या सुनेला वास आला. ती धावत आत आली, पदराने भांडं खाली उतरवलं आणि सासूकडे पाहिलं. हवालदारणीच्या हातात अर्धी सोललेली पाकळी होती. दोघींची नजर तशीच अडकून राहिली.

त्या घटकेला काहीतरी बोलता आलं असतं. 'मला वास येत नाही गं' एवढंच. सुनेचा चेहरा त्या वेळी कठोर नव्हता. तिचे ओठ हललेही होते, विचारणार असल्यासारखे. हवालदारणीला ते दिसलं, आणि दिसलं म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हिने माझी कीव करायची?

"बघत काय राहिलीस?" ती म्हणाली. "भांडं घासायला घे, चिकटून बसेल."

सुनेने भांडं उचललं.

उन्हाळा आला. त्या वर्षी ऊन असं की पत्रे तडतडायचे आणि नळाला धड पाणी नसायचं. एक दिवस सकाळीच वीज गेली. करवती थांबल्या त्या थांबल्याच, वखारवाल्याने माणसांना घरी पाठवलं. पातेलं काठोकाठ भरलेलं राहिलं. मुलगा म्हणाला, "आई, वाटून टाकू या गल्लीत." हवालदारणीला अन्न फुकट वाटायचं कधीच जमलं नव्हतं, आणि सुनेचं ते एक पातेलं सोडलं तर टाकायचंही नाही. "उद्या ताज्यात मिसळते," ती म्हणाली. "काही होत नाही. इतकी वर्षं करतेय." इतकी वर्षं ती ते करत होती हे खरं. पण इतकी वर्षं दुसऱ्या दिवशी झाकण उघडून तिचं नाक आधी त्या पातेल्यावरून फिरत होतं.

सकाळी सून शेगडीत भुसा भरायला आली. पातेल्याशेजारी येताच ती थबकली. तिने झाकण उचललं. हवालदारीण मागून आली.

"झाकण ठेव."

"आई—"

"तुला कुणी उघडायला सांगितलं? नाक खुपसायचं नाही म्हणून किती वेळा सांगायचं?"

सून तशीच उभी राहिली. तिच्या हातातलं झाकण हललं नाही. मग तिने ते अगदी सावकाश, आवाज न करता पातेल्यावर ठेवलं.

"बरं," ती म्हणाली.

हवालदारणीने ताजे वाटाणे शिजवले, कालचे त्यात ओतले, दाबून लसूण, मिरची आणि वरून टोमॅटो घातला. करवती थांबल्या. पळी वाजली. माणसं आली. दोघातिघांनी घास तोंडात घालून एकमेकांकडे बघितलं. एकाने ताट सारलं आणि "पोटात जरा गडबड आहे" म्हणून उठला. मुकादमाने थोडं खाल्लं. बाकीच्यांना भूक होती आणि आंबटपणा टोमॅटोचा वाटला. फर्निचरच्या कारखान्यातला म्हातारा पॉलिशवाला मात्र नेहमीसारखा दोन वाट्या जेवला. लाखेच्या आणि स्पिरिटच्या वासात आयुष्य काढून त्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं. तो तिच्या नवऱ्याचा मित्र. दार उघडलं त्या पहिल्या दिवशी पहिला घास त्यानेच खाल्ला होता. "झकास," तो निघताना म्हणाला, रोज म्हणायचा तसा.

सगळे गेल्यावर हवालदारणीनेही एक वाटी खाल्ली.

दिवस मावळायच्या आत रस्त्यावर हलकल्लोळ उडाला. कुणी ओकत होतं, कुणी पोट धरून गटाराशी बसलं होतं, कुणाला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेत होते. हवालदारीणही मागच्या अंगणात आडवी झाली. मुलाने तिला टेंपोत घातलं. दवाखान्याच्या ओसरीत एका ओळीत तिचीच गिऱ्हाइकं झोपवली होती. ती त्यांच्यामधून जाताना कुणी वर पाहिलं नाही.

आरोग्य खात्याची माणसं आली, पातेल्यात उरलेलं बाटलीत भरून घेऊन गेली आणि दाराला कुलूप लावून गेली. कुणी मेलं नाही, हे नशीब. सगळे एकेक करून घरी गेले. पॉलिशवाला तेवढा राहिला. त्याच्या अंगातलं पाणी गेलं ते लवकर भरून आलं नाही. बरा होऊन तो कारखान्यात गेला तेव्हा त्याच्या स्टुलावर दुसरा कुणीतरी बसून कपाट घासत होता.

हवालदारीण घरी येऊन पडली होती. छताकडे बघताना तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. मुलगा आजारी पडला नव्हता. नात आजारी पडली नव्हती. सून आजारी पडली नव्हती. एरवी मुलगा रोज दुपारी घरी जेवायचा. त्या दिवशी सुनेने त्याला डबा करून दिला होता, "लांबची खेप आहे ना, भूक लागेल," म्हणून. नातीला सकाळीच शेजारणीकडे ठेवलं होतं.

ती भिंत धरत मागच्या अंगणात गेली. सून दगडावर भांडी घासत होती.

"तुला वास आला होता," हवालदारीण म्हणाली.

सुनेचे हात थांबले नाहीत. "आला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. तुम्ही झाकण ठेवायला सांगितलंत."

"अगं, मी सांगितलं म्हणून? एवढी माणसं मरायला टेकली!"

आता सून थांबली. हातावरचा राखेचा चिखल तिने पाण्यात बुडवला आणि वर पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते, हे हवालदारणीला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"माणसं," ती म्हणाली. "तेच चुकलं माझं. मी तुमच्याकडेच बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही सोडून कुणी नव्हतंच त्या दिवशी. म्हटलं, उघडं पडू दे एकदाचं. कुणीतरी पहिला घास थुंकेल, तुमच्या तोंडावर ओरडेल, आणि संपेल. कुणी थुंकलंच नाही, आई. ते खात गेले. पॉलिशवाले दुसरी वाटी मागत होते तेव्हा मी पाव कापत होते. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही."

"मला वाढून घेताना बघितलंस ना?"

"बघितलं."

हवालदारणीला खूप बोलायचं होतं. पण जे काही बोलावं ते आधी तिच्याच नाकाशी येऊन थांबत होतं. ती आत वळली. दारात मुलगा उभा होता, नुकताच आलेला, हातात टेंपोची किल्ली. "काय झालं?" त्याने विचारलं.

सुनेने पुन्हा भांडं घासायला घेतलं. हवालदारणीला सुनेचं सांगावं तर स्वतःचं सांगावं लागत होतं. सुनेचंही तेच. मुलगा जरा वाट बघून म्हणाला, "उन्हाळाच भयंकर आहे यंदा." आणि पाणी प्यायला आत गेला. पुढेही त्या घरात या गोष्टीचं कारण म्हणून उन्हाळाच राहिला.

हवालदारीण एकदा पॉलिशवाल्याकडे गेली. तो खाटेवर बसून होता, गालांची हाडं वर आलेली. ती काय बोलणार आणि तो तरी काय. "भेसळ झाली असेल मसाल्यात," तो म्हणाला. "तुझा हात तसा नाही." खरं सांगायला एवढी मोकळी जागा तिला परत मिळणार नव्हती. ती म्हणाली, "हो. मसालाच असेल." त्याची बायको आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही, चहाचंही विचारलं नाही.

कुलूप निघालं ते सुनेच्या नावावर. खात्याच्या माणसाने स्पष्ट सांगितलं होतं, म्हातारी स्वयंपाकाला नको. मुलाने आईला ते सांगताना चपलेच्या अंगठ्याशी खेळत सांगितलं. हवालदारणीने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच सूप घेऊन उंबऱ्याशी बसली आणि वाटाणे निवडायला लागली. कुणी बस म्हणालं नव्हतं, पण शेगडीपासून ऊठ म्हणेपर्यंत थांबायचंही तिच्या जिवावर आलं होतं.

सुनेने दार रंगवून घेतलं, गॅसची शेगडी आणली, मोठा कुकर आणला. भुशाचा डबा अंगणात गंजत पडला. गिऱ्हाइकं सुरुवातीला बिचकली, मग यायला लागली, कारण जवळपास दुसरीकडे जेवायची सोय नव्हती. आळणी हे नाव मात्र कुणी घेईना. मुकादम तिला वहिनी म्हणायला लागला. हवालदारणीला कुणी दुखावलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. फक्त तिच्याशी मोठ्या आवाजात, सावकाश बोलायला लागले, जसं ती बहिरी असावी.

सूनही वाईट वागली नाही. वेळेवर ताट, वेळेवर औषध. "आई, पाय वर घेऊन बसा." आवाजात ना गोडवा ना कडवटपणा. हवालदारीण कधीकधी मुद्दाम खुसपट काढायची, सून "बरं" म्हणायची. त्या 'बरं'ची तिला धास्ती बसली होती.

पुढच्या हंगामात ओढ्यापलीकडच्या शेतांत वाटाणा कमी झाला. लोकांनी तिथे वीटभट्ट्या घातल्या होत्या. मुलाने बाजारातल्या गोदामातून पोती आणली. हवालदारणीने पहिल्याच मुठीत ओळखलं की माल जुना आहे. दाणा काचेसारखा, सुरकुतलेला, रंग उडालेला. सुपात पडताना खड्यांचा आवाज यायचा. ती निवडत राहिली.

सुनेने नेहमीसारखे भिजवले, कुकरला लावले. काढून बघितले, टणक. पुन्हा लावले. टणक. टोमॅटो तिने आधीच घातला होता. करवती थांबायची वेळ जवळ येत होती. ती घामाघूम होऊन उंबऱ्याशी आली, पळीत दोन दाणे घेऊन.

"आई, हे शिजतच नाहीयेत. काय करू?"

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा विचारलं होतं. हवालदारणीने दाणा बोटांत धरला. तिला सगळं ठाऊक होतं. हे फेकायचं नाही, रस्सा गाळून बाजूला काढायचा, दाणे साध्या उकळत्या पाण्यात मंद आचेवर पुन्हा बसवायचे, आणि आज माणसांना मसूर द्यायचा, तो भिजवल्याशिवायही लवकर होतो. दोन वाक्यांचं काम. तिने दाणा परत पळीत ठेवला.

"मला काय कळतंय आता," ती म्हणाली. "तुझं तू बघ."

सुनेने तिच्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

हवालदारणीच्या छातीत गुदगुल्या व्हायला लागल्या. ती सूप बाजूला ठेवून सरळ होऊन बसली, नाटक सुरू व्हायची वाट बघणाऱ्या माणसासारखी. आतून मुलाचा आवाज आला, "सोडा घाल ना चमचाभर." डब्याचं झाकण वाजलं. कुकर पुन्हा फुसफुसला. करवती थांबल्या.

वाटाणे आले ते वाटाणे नव्हतेच. दाणा न दाणा विरघळून हिरवट पिवळा लगदा झाला होता, चमच्यावर चिकटणारा. तिच्या काळी असलं कुणी कुत्र्यालाही घातलं नसतं. तिने मुकादमाकडे बघितलं. त्याने पाव त्यात बुडवला, तोंडात घातला. भुवया वर गेल्या. ती वाट बघत राहिली.

"वहिनी," मुकादम म्हणाला, "आज कसे केलेत? लोण्यासारखे झालेत! आमच्यासारख्या दात हलणाऱ्यांची सोय केलीत तुम्ही."

"मला अजून वाढा," दुसरा म्हणाला.

तिसऱ्याने ताट पुढे केलं. सून दारात उभी होती, तिचा चेहरा आधी गोंधळला आणि मग उजळला. लगद्याचं पातेलं रिकामं झालं. पुढच्या दिवशी माणसांनी तसेच मागितले, त्याच्या पुढच्याही दिवशी. सोड्याचा डबा शेगडीशेजारी फळीवर कायमचा बसला, आणि वाटाणे ओढ्याकाठचे की माळावरचे की कुठल्या गोदामातले, हे विचारायचं कुणाला कारण उरलं नाही.

पंगत उठल्यावर सुनेने तिचं ताट आणून पुढे ठेवलं. मुकादम हात पुसत जाता जाता थांबला.

"काय मावशी," तो मोठ्याने, सावकाश म्हणाला, "सुनेने नाव काढलं की नाही?"

हवालदारणीने घास तोंडात घातला. कोमट, मऊ, ओलं काहीतरी जिभेवरून घशात गेलं. ते बरं होतं की वाईट, हे तिला सांगता येत नव्हतं, आणि जगात कुणाला ते तिच्याकडून ऐकायचंही नव्हतं.

"काढलं," ती म्हणाली.

सून आतून पळी घेऊन आली, आणि न विचारता तिच्या वाटीत आणखी वाढलं.